‘पाणी भरपूर प्या’ म्हणजे नेमकं काय करायचं? सांगलीच्या उन्हात, बागेत, दुकानात आणि एसटीत

मिरजेतल्या कुठल्याही दवाखान्यातून बाहेर पडताना गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर एक वाक्य फुकट मिळतं: ‘पाणी भरपूर प्या.’ भरपूर म्हणजे किती, द्राक्षबागेत औषध मारताना ते कसं प्यायचं, आणि पाच तासांच्या एसटीत प्यायलेल्या पाण्याचं पुढं काय करायचं, हे ज्याचं त्यानं बघायचं.

पाणी प्यावं हे ठाऊक नाही असा माणूस मला तरी भेटलेला नाही. कमी प्यायलं जातं ते सोय नसते म्हणून. पाणी हाताशी नसतं, असलं तर कोमट किंवा मचूळ असतं, आणि सगळं ठीक असलं तर जवळपास धड मुतारी नसते. त्यामुळं मोबाईलवर गजर लावण्याआधी या तीन अडचणी सोडवायला घ्या. खाली तेच सांगितलंय.

आधी घरातलं भांडं मोजा

‘मी दिवसाला आठ-दहा ग्लास पितो’ असं सगळेच सांगतात. ग्लास केवढा, ते कुणाला सांगता येत नाही. एक लिटरची बाटली काठोकाठ भरा आणि रोजच्या वापरातल्या फुलपात्रात ओतून बघा. पाच फुलपात्रं भरली तर एक २०० मिलिलिटरचं, सात भरली तर साधारण १४० चं. दोन घरांत दोन मापं निघतात. तांब्याचंही तेच. दिसायला सारखे दोन तांबे घेतले तरी एकात पाऊण लिटर मावतं आणि दुसऱ्यात सव्वा.

माप कळलं की एक अख्खा दिवस नेहमीसारखा काढा, मुद्दाम जास्त पिऊ नका. ओट्यावर वाटी ठेवा आणि प्रत्येक फुलपात्रामागं तिच्यात एक शेंगदाणा टाका. बाहेर असाल तर बाटली कितीदा भरली तेवढं लक्षात ठेवा. रात्री शेंगदाणे मोजले की आपण कुठं आहोत ते कळतं. बैठं काम करणाऱ्या पुष्कळांचा आकडा सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळात जागेवरच अडकलेला दिसेल.

आता किती हवं ते बघू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत निरोगी माणसासाठी साधारण ८ ग्लास, म्हणजे २ लिटर पाणी सांगितलं आहे. परदेशी तक्त्यांत ३.७ लिटरसारखे मोठे आकडे दिसतात, पण त्यांत जेवणातलं पाणीही धरलेलं असतं. आपल्या जेवणात तर आमटी, भात, ताक, काकडी, कलिंगड यांतून बरंच पाणी पोटात जातं. चहाही हिशेबात धरा. चहा अंगातलं पाणी खेचतो असं म्हणतात, पण दिवसातल्या दोन-चार कपांनी तसं काही होत नाही. त्यातली साखर हा वेगळा विषय.

तर घरात किंवा दुकानात बसून काम असेल तर २ लिटर, मार्च ते मे अडीच. गरोदर बाईला रोज एखादं-दीड फुलपात्र जास्त लागतं आणि अंगावर पाजणाऱ्या आईला अर्धा-पाऊण लिटर. उन्हात राबणाऱ्याचा हिशेब तासावर करावा लागतो, तो पुढं येईल.

आकड्यावर फार विसंबूही नका. रोजची तपासणी मोरीतच होते. लघवी फिकट पिवळी असेल तर बरं चाललंय. गडद पिवळी, तपकिरीकडं झुकणारी आणि थोडीच होत असेल तर पाणी कमी पडतंय. सकाळची पहिली लघवी गडदच असते, ती सोडून द्या. बी-कॉम्प्लेक्सची गोळी चालू असेल तर रंग भडक पिवळा येतो आणि बीट खाल्लं तर लालसर. बीट न खाता लाल दिसली तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

पाणी रोजच्या कामाला बांधा

वेळापत्रक लिहून फ्रिजवर चिकटवलं तर ते चार दिवस पाळलं जातं. रोज घडणाऱ्याच गोष्टींना पाणी जोडलं तर ते टिकतं. तोंड धुतलं की एक फुलपात्र. चहाच्या आधी एक. दुकानाचं शटर वर गेलं, देवाला अगरबत्ती लावली की एक. जेवताना एक. दुपारच्या चहाआधी एक. घरी येऊन पाय धुतले की एक. दिवेलागणीला एक. अशी सात झाली, आणि कशाचीच वेगळी आठवण ठेवावी लागली नाही. मध्ये तहान लागेल तेव्हाचं वेगळं.

सकाळी उठल्याउठल्या लिटरभर पाणी रिचवण्याची एक टूम आहे. त्याची गरज नाही. एकदम प्यायलेलं पाणी तासा-दीड तासात मूत्रपिंडं बाहेर काढतात आणि तुम्ही बसस्टँडवर अडकता. जेवताना पाणी प्यायल्यानं जठराग्नी विझतो, उभ्यानं प्यायल्यानं गुडघे जातात, ही भीतीही सोडा. निरोगी माणसाला जेवताना घोट-घोट पाण्यानं काही होत नाही, आणि गुडघ्यांचा इथं काही संबंध नाही. आजीसमोर बसून प्या, म्हणजे वाद नको.

एक गोष्ट खास सांगलीची. संध्याकाळी भडंगाची पुडी उघडली की मीठ आणि तिखट दोन्ही जातं. त्याबरोबर कोल्ड्रिंक न घेता पाणी घेतलं तर दिवसाची उरलेली तूट तिथंच भरून निघते.

माठाची जागा

घरात पाणी पिणं वाढवायचं असेल तर माझ्या मते माठाइतकं कामाचं काही नाही. फ्रिजची बाटली बर्फासारखी गार, ती दोन घोटांत खाली ठेवली जाते. माठाचं पाणी घटाघटा जातं.

माठ गार होतो तो अंगातून झिरपणारं पाणी वाऱ्यानं उडून जातं म्हणून. तरीही निम्म्या घरांत तो स्वयंपाकघराच्या बंद कोपऱ्यात, गॅसच्या शेजारी असतो. तो खिडकीजवळ किंवा पडवीत, सावलीला पण वाऱ्यावर ठेवा. खाली तिवई किंवा ओली वाळू. नवा माठ आणला की भरून रात्रभर ठेवायचा, ते पाणी झाडांना घालायचं, असं दोन-तीनदा केलं की मातीचा वास कमी होतो. आतून साबण किंवा भांड्यांची पावडर लावू नका, माती ती शोषून घेते. काथ्या आणि गरम पाणी पुरे, दर दोन-तीन दिवसांनी.

बोअरचं जड पाणी भरत असाल तर काही महिन्यांनी माठावर बाहेरून पांढरा थर धरतो. छिद्रं क्षारांनी बुजली की पाणी झिरपत नाही आणि गारही होत नाही. तेव्हा माठ बदला. पावसाळ्यात हवाच दमट असते, त्यामुळं माठ कमी गार करतो. त्यात माठाची चूक नाही.

पाणी काढायला ओगराळं ठेवा किंवा तोटीचाच माठ घ्या. फुलपात्र आणि हाताची बोटं माठात बुडवली की घरभर जुलाब व्हायला वेळ लागत नाही. आणि माठ अशा उंचीवर हवा, की घरातल्या सगळ्यात लहान पोराचा आणि सगळ्यात थकलेल्या माणसाचाही हात पोचेल.

बागेत, फडात, मार्केट यार्डात

इथं थांबून वाचा, कारण खरा धोका इथं आहे. एप्रिलातली द्राक्षाची खरड छाटणी, फेब्रुवारी-मार्चमधली हळदीची शिजवणी, बेदाण्याच्या शेडवरचं काम, ऊसतोड, यार्डातली पोत्यांची हमाली. अशा कामात तासाला लिटरभर घाम सहज जातो. तहान लागते तोवर तूट पडलेली असते.

मध्य अमेरिकेत, एल साल्वादोर आणि निकाराग्वामध्ये, उसाच्या फडात राबणाऱ्या तरुण मजुरांची मूत्रपिंडं निकामी होण्याचं प्रमाण मोठं आहे. त्यांना ना मधुमेह, ना रक्तदाब. कारणांवर अजून अभ्यास चालू आहे, पण पहिला संशय आहे तो उन्हात राबताना अंगातलं पाणी रोज कमी पडण्यावर. तिथं आता पाणी, विश्रांती आणि सावली ही तिन्ही एकत्र देण्यावर भर आहे. आपलं ऊन आणि आपला ऊस त्याहून वेगळा नाही.

कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या नायोश या सरकारी संस्थेचा नियम सोपा आहे: उन्हात कष्टाचं काम असेल तर दर १५ ते २० मिनिटांनी एक कप, म्हणजे सुमारे २४० मिलिलिटर. तासाला पाऊण ते एक लिटर. तासाला साधारण १.४ लिटरच्या वर मात्र जायचं नाही. बागेत घड्याळ कोण बघतो? म्हणून ओळी धरा. एक ओळ संपली की पाणी, मग दुसरी. ओळ लांब असेल तर मधल्या खांबाशी थांबा.

पाणी बांधावरच्या झाडाखाली आणि माणसं बागेच्या दुसऱ्या टोकाला, असं असलं तर कुणीही पाच मिनिटं चालून जात नाही. मुकादम बघत असला तर अजिबातच नाही. वीस लिटरचा एकच कॅन ठेवण्यापेक्षा पाच-पाच लिटरचे चार ठेवा, काम सरकेल तसे तेही सरकवा. कॅनला ओलं गोणपाट गुंडाळा आणि तासाभरानं पुन्हा भिजवा. पाणी कोमट झालं की माणूस निम्मंच पितो.

दोन गोष्टी कडक पाळा. औषधाचा रिकामा कॅन कितीही धुतला तरी तो पाण्यासाठी वापरायचा नाही. आणि फवारणी करताना पाणी प्यायचं असेल तर आधी हातमोजे काढून हात-तोंड साबणानं धुवायचं. घाईत कोपरानं तोंड पुसून बाटली लावली जाते आणि औषध पोटात जातं.

आपल्याला पाणी पुरतंय का, हे बघायला बागेतच साधन आहे. माल मोजायच्या काट्यावर कामाआधी उभं राहा आणि काम संपल्यावर पुन्हा, अंगावरचे ओले कपडे झटकून. एक किलो कमी भरलं तर साधारण एक लिटर पाणी कमी पडलं. दोन-तीन दिवस असं बघितलं की आपल्या घामाचा अंदाज येतो, मग रोज काट्यावर चढायला नको.

मिठाचं काय? दोन-तीन तासांचं काम आणि मध्ये भाकरी, चटणी, लोणचं असेल तर साधं पाणी पुरतं. दिवसभर घाम निथळत असेल तर दुपारी मीठ घातलेलं पातळ ताक किंवा लिंबू सरबत घ्या. उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी द्यायची आपली रीत चांगली आहे, फक्त मधुमेह असलेल्याला विचारून द्या. उसाचा रस प्यायला हरकत नाही, पण तो पाण्याच्या जागी धरू नका, आणि त्यातला बर्फ कुठल्या पाण्याचा ते दुकानदारालाही ठाऊक नसतं. जुलाब-उलट्या असतील तर दवाखान्यातली ओआरएसची पुडी आणा. नसेल तर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. हे माप अंदाजानं घालू नका, मीठ जास्त झालं तर लहान पोराला धोका होतो.

उन्हात कुणी बरळायला लागला, झोकांड्या खायला लागला, अंग तापलं, तर तो पाण्याचा प्रश्न राहिलेला नाही. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

आता जे कुणी मोठ्यानं बोलत नाही ते. बागेत विरळणीला येणाऱ्या बायका पाणी कमी पितात, कारण जायला आडोसा नसतो. मालकानं गार पाण्याचे कॅन ठेवले आणि आडोसा केला नाही, तर पाणी कॅनमध्येच राहतं. चार बांबू, जुनी शेडनेट, एक बादली आणि साबण, एवढ्यात काम होतं. पाण्याच्या खर्चाआधी हा खर्च करा.

एसटीत आणि बाजारात

सांगलीहून स्वारगेटला साधारण पाच तास लागतात, वाटेत कराड आणि सातारा. आदल्या रात्रीपासून पाणी बंद करणाऱ्या बायका मी बघितल्या आहेत. पुण्यात उतरेपर्यंत डोकं ठणकतं, आणि लघवी दाबून धरल्यानं पुढं जळजळीचं दुखणं मागं लागू शकतं.

पाणी बंद न करता वेळ साधा. निघायच्या दोन तास आधीपर्यंत नेहमीसारखं प्या, मग थांबा, आणि गाडीत चढायच्या आधी लघवीला जाऊन या. गाडीत दर अर्ध्या तासाला दोन-तीन घोट घ्या. घोट-घोट घेतलेलं पाणी घाई करत नाही. थांब्याच्या अर्धा तास आधी थोडं जास्त घेतलं तरी चालतं. कंडक्टरला चढतानाच विचारा, ‘गाडी कुठं किती मिनिटं थांबणार?’ लाजू नका, तो रोज हे ऐकतो. लघवीला जळजळ किंवा ताप आला तर नुसतं पाणी वाढवून बसू नका, तपासणी करा.

गणपती पेठेत दुकानात दिवसभर उभ्या असणाऱ्या मुलींची अडचणही हीच. दुकान निवडताना पगाराबरोबर हेही विचारावं असं मला वाटतं.

शाळेत बाटली भरलेलीच घरी परत येत असेल तर मुलाला रागावण्याआधी शाळेतली मुतारी बघून या. केरळात २०१९ मध्ये शाळांत पाण्याची घंटा सुरू झाली: घंटा वाजली की सगळ्या वर्गानं पाणी प्यायचं. आपल्या शाळेच्या पालकसभेत हे मांडायला खर्च काहीच नाही.

म्हातारी माणसं आणि तान्ही बाळं

वय वाढलं की तहानच कमी लागते. शिवाय रात्री उठावं लागेल म्हणून संध्याकाळपासून पाणी टाळलं जातं. उपाय असा की दिवसाचं पाऊण पाणी दुपारी चारच्या आत उरकायचं. ‘पाणी पिणार का?’ असं विचारलं तर ‘नको’ हेच उत्तर येतं, म्हणून अर्धं भरलेलं फुलपात्र सरळ हातात द्या. पातळ ताक, मुगाचं कढण, नाचणीची आंबील हेही चालतं. अचानक गोंधळल्यासारखं बोलायला लागले, तर वयाचं म्हणून सोडून देऊ नका. पाणी कमी पडल्यानंही तसं होतं, आणि इतर कारणंही गंभीर असतात. डॉक्टरांकडं न्या.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र वरचं पाणी नको, भर मे महिन्यातही नको. आईच्या दुधात पुरेसं पाणी असतं. बाळाला जास्त वेळा पाजा आणि पाणी आईला द्या.

मुतखडा आणि जड पाणी

जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडं बोअरच्या पाण्यामुळंच मुतखडा होतो असं छातीठोक सांगितलं जातं. जड पाणी हेच कारण, असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. पाणी कमी पिणं आणि जेवणात मीठ जास्त असणं ही कारणं मात्र पक्की आहेत. आणि पाणी मचूळ लागतं म्हणून कमी प्यायलं जातं, तेव्हा बोअरचा दोष असलाच तर तो असा फिरून येतो. मुतखडा होऊन गेलेल्यांनी दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होईल एवढं पाणी प्यावं, म्हणजे पिणं अडीच-तीन लिटरच्या घरात जातं. रात्री झोपण्याआधी एक फुलपात्रही घ्यावं. बिअरनं खडा पडतो ही अफवा दारूच्या दुकानालाच फायद्याची.

चव सुधारायला लिंबाच्या दोन फोडी किंवा वाळ्याची जुडी माठात टाका. आरओ घ्यायचा की नाही हे आधी पाणी तपासून ठरवा. भारतीय मानकात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले मानले आहेत, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. नायट्रेटची मर्यादा ४५, आणि ते उकळून जात नाही. पाणी तपासून घ्यायला भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत, ग्रामपंचायतीत चौकशी करा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेतून रेल्वेनं लातूरला पाणी पोचवणारा हा जिल्हा, आणि जतच्या पूर्व भागात बाया-माणसांनी टँकरची वाट बघावी, हे मला कायम खटकतं.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णा घरात होती आणि प्यायला पाणी नव्हतं. म्हणून जुलै लागला की झाकणाचे दोन कॅन धुऊन तयार ठेवा. नदीला पाणी चढतंय अशी बातमी आली की ते भरायचे. गढूळ पाणी तुरटीनं निवळतं, पण तेवढ्यानं जंतू मरत नाहीत. गाळून, खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळू द्या. क्लोरीनचं औषध वापरत असाल तर बाटलीवरच्या मापानं टाका आणि अर्धा तास थांबा.

ज्यांनी हे वाचून पाणी वाढवायचं नाही

हृदय कमजोर असलेले, मूत्रपिंडाचा जुना आजार किंवा डायलिसिस चालू असलेले, लिव्हरच्या आजारानं पोटात पाणी झालेले, पायावर सूज असलेले. यांना डॉक्टरांनी दिवसाचा आकडा ठरवून दिलेला असतो, कधी एक-दीड लिटरच. सकाळीच तेवढं पाणी एका बाटलीत भरून ठेवा. चहा, ताक किंवा आमटी घेतली की तेवढं पाणी बाटलीतून काढून टाका. बाटली संपली की दिवस संपला. घसा सुकला तर चूळ भरून थुंका किंवा बर्फाचा छोटा खडा चघळा. रोज सकाळी वजन करा, आणि दोन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं तर वाट न बघता दाखवा. उन्हाळ्यात आकडा तोच ठेवायचा की बदलायचा, हे मार्चमध्येच विचारून घ्या. मे महिन्यात ओपीडीत उभं राहायलाही जागा नसते.